अलिबागला एका दिवसात: आधी तिथी बघा, मग बोट

मुंबईहून अलिबागला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणं मुळीच अवघड नाही. तरीही अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात असलेला आणि ओहोटीला चालत जाता येणारा कुलाबा किल्ला निम्मे लोक लांबूनच बघून परततात, कारण ते पोचतात तेव्हा मध्ये पाणी भरलेलं असतं. सुट्टी कोणत्या वारी आहे एवढंच बघून निघालं की असं होतं. या सहलीचं वेळापत्रक समुद्र ठरवतो, म्हणून पहिलं काम ओहोटीची वेळ काढण्याचं.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब आजही चालतो: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती पूर्ण होते आणि तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. पहाटे पावणेचारला भरती, म्हणून सकाळी पावणेदहा-दहाला ओहोटी. एकादशीला सव्वाआठला भरती, सव्वादोनच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला मात्र भरती ऐन दुपारी येते, म्हणजे दिवसाच्या सहलीला किल्ला नाही. हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी मुंबईची भरती-ओहोटीची वेळ वर्तमानपत्रात किंवा मोबाइलवर ताडून पाहावी. अलिबागला तीच चालते.

वेळेइतकंच महत्त्व पाणी किती उतरतं याला आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरांहून जास्त फरक पडतो, तर अष्टमीच्या आसपास आणि पुढचे एक-दोन दिवस भांगाची भरती असते. तेव्हा पाणी फार चढत नाही, पण फार उतरतही नाही. अष्टमीला भर बाराला ओहोटी आहे म्हणून लोक खूश होऊन जातात आणि गुडघाभर, कधी त्याहून जास्त पाण्यासमोर उभे राहतात. म्हणून आमची पहिली पसंती पंचमी आणि षष्ठीला: ओहोटी सकाळी दहा ते अकराच्या दरम्यान आणि वाट बरीच उघडी. दुसरी पसंती द्वादशी, ओहोटी दुपारी तीनच्या सुमारास. पण त्या दिवशी परतीच्या बोटीकडे डोळा ठेवूनच किल्ल्यात फिरावं लागतं.

आता जायचं कसं. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला पीएनपी, मालदार आणि अजंठा या कंपन्यांच्या बोटी सुटतात. पहिली बोट सकाळी सहाच्या सुमारास, नंतर दिवसभर थोड्याथोड्या वेळाने. पाऊण तास ते तासाभरात मांडवा येतं आणि तिथून अलिबागपर्यंतची बस त्याच तिकिटात धरलेली असते. तिकीट बोटीतून उतरताना फेकू नका; बसमध्ये चढताना मागतात आणि नसलं तर वेगळे पैसे पडतात. ज्या कंपनीची बोट तिचीच बस. मांडवा जेटीवर उतरल्याबरोबर फोटो काढत रेंगाळलात तर बस निघून जाते आणि पुढची बस पुढच्या बोटीबरोबरच येते. मांडवा ते अलिबाग सुमारे २० किलोमीटर, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. बोट लागणाऱ्यांनी वरच्या डेकचा मोह सोडून खाली मध्यभागी, इंजिनच्या धुरापासून दूर बसावं. हिवाळ्यात बोटीमागे सीगल पक्ष्यांचे थवे येतात आणि लोक त्यांना गाठी-शेव टाकतात. तळलेलं, खारट खाणं त्यांच्या पोटासाठी नाही, नुसतं बघावं.

जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत गेटवेच्या या बोटी बंद असतात. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट सुरू आहे. ती मोठी असल्यामुळे पावसाळ्यातही हवामान बघून चालते, आणि तिच्यात गाडी किंवा दुचाकी चढवता येते. शनिवार-रविवारी गाडीची जागा आधी आरक्षित केल्याशिवाय जाऊ नका. पायी प्रवाशांनी पुढच्या वाहनाची सोय वेगळी बघावी. गाडीने रस्त्यावरून यायचं तर अटल सेतूमुळे शहरातून बाहेर पडण्याचा वेळ वाचतो, पण पुढे वडखळला शनिवारी सकाळी आणि रविवारी संध्याकाळी गाड्या तुंबतात. एका दिवसाच्या सहलीत दोन-दोन तास तिथे घालवणं परवडत नाही, बोटच बरी.

समजा पंचमी आहे. सहाची बोट धरली की आठपर्यंत अलिबागच्या एसटी स्टँडजवळ उतरता. पोहे-मिसळ खाऊन, पाण्याची बाटली भरून पावणेनऊला किनाऱ्यावर या. स्टँडपासून चालत दहा-पंधरा मिनिटं लागतात. किल्ल्यात जायची खूण सोपी आहे: ओहोटी पूर्ण होण्याआधी सव्वा-दीड तास निघायचं आणि ओहोटीनंतर तासाभरात किनाऱ्याकडे पाय वळवायचे. पाणी समोरून लाटांसारखं येत नाही. किल्ल्याच्या दोन्ही बाजूंनी वळसा घालून ते आधी मधल्या खोलगट भागात शिरतं. किल्ल्याजवळ कोरडं दिसत असतं तेव्हा किनाऱ्याकडची वाट भिजू लागलेली असते. घोडागाडीवाले आणि किनाऱ्यावरचे कोळी ‘आता नको’ म्हणाले तर तो शब्द शेवटचा मानावा. घोडागाडी हवी असेल तर जाऊन-येऊन किती, आणि किल्ल्यात किती वेळ थांबणार, हे चढण्याआधीच ठरवा. वाद नेहमी परतीच्या भाड्यावरून होतात.

पायात मागून पट्टा असलेले सँडल हवेत. साध्या चपला ओल्या वाळूत रुततात आणि तुटतात, तर अनवाणी पायांना खडकांवरच्या कालवांच्या धारदार कडा कापतात. शेवाळ असलेला हिरवा खडक टाळून काळ्या, खरखरीत खडकावर किंवा वाळूवर पाऊल टाका. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत असू द्या.

किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, माणशी २५ रुपये तिकीट आहे. शिवाजी महाराजांनी अखेरच्या काळात, १६८० च्या सुमारास, याचं काम सुरू केलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्ण झालं आणि पुढे कान्होजी आंग्र्यांमुळे हे मराठी आरमाराचं मोठं ठाणं बनलं. आत शिरण्याआधी तटाजवळ दोन मिनिटं थांबा आणि दगडांमधल्या फटीत बोट घालून बघा. चुना लागत नाही. प्रचंड चिरे नुसते एकावर एक रचले आहेत. लाट आदळली की पाणी फटींत शिरतं, तिचा जोर तिथेच मोडतो आणि पाणी परत वाहून जातं. चुन्याने बंद केलेल्या भिंतीला तो सगळा तडाखा अंगावर घ्यावा लागला असता. ज्यांनी हे बांधलं त्यांना समुद्र किती नेमका कळला होता, हे या फटींतून दिसतं. महादरवाजावर हत्ती, मोर, वाघ कोरलेले आहेत. आत १७५९ मध्ये रघुजी आंग्र्यांनी बांधलेलं सिद्धिविनायकाचं मंदिर आणि त्याच्यासमोर गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. चारही बाजूंना खारं पाणी असताना ही पुष्करणी बघून तरी घ्याच. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत. त्यांवर यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव अजून वाचता येतं. हे सगळं नीट बघायला सव्वा तास पुरतो. खाण्याचं काही आत मिळेल असं धरू नका आणि नेलेल्या पिशव्या, बाटल्या परत आणा.

अकरा-साडेअकराला किनाऱ्यावर परतलात की गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी बघता येते. जेवण साडेबाराला उरका. दीडनंतर, विशेषतः रविवारी, चांगल्या खानावळीत रांग लागते आणि ताजी मासळी संपत येते. थाळी मागवण्याआधी आज काय आलंय ते विचारा. बांगडा किंवा बोंबील ताजा असेल तर शिळ्या पापलेटपेक्षा तोच घ्यावा. तांदळाची भाकरी आणि सोलकढी हवीच.

दुपारी एकच किनारा निवडा. वरसोली सर्वांत जवळ. नागाव आठ-नऊ किलोमीटरवर, रिक्षाने जायचं. पोहायचं असेल तर पाणी चढत असताना, कमरेएवढ्या खोलीपर्यंतच. उतरतं पाणी माणसाला आत खेचतं. वॉटर स्पोर्ट्ससाठी लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळल्याशिवाय बसू नका.

फेब्रुवारी-मार्चपासून पुढे गेलात तर पांढऱ्या कांद्याची माळ घ्या. अलिबागचा हा कांदा भौगोलिक मानांकन मिळालेला, चवीला गोडसर असतो, कच्चा खावा. बाहेरचा पांढरा कांदाही अलिबागचा म्हणून विकला जातो, तेव्हा कांदे पातीच्याच वेणीने गुंफलेले आहेत का ते बघा. शक्यतो कार्ले, खंडाळे, नेहुलीच्या शेतकऱ्यांकडूनच घ्या.

परतीचा हिशेब उलटा मांडायचा. हवी ती बोट मांडव्याहून सुटण्याआधी साधारण सव्वा तास तिची बस अलिबागहून निघते. म्हणून सकाळी उतरल्याबरोबर कंपनीच्या कार्यालयात परतीच्या बसच्या वेळा टिपून घ्या आणि जागा नक्की करा. रविवारी संध्याकाळच्या बोटींना सर्वांत जास्त गर्दी असते. शेवटच्या बोटीच्या भरवशावर राहू नका, दोन आधीची धरा. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वारा वाढतो आणि परतीची बोट सकाळपेक्षा जास्त हलते, तेव्हा ज्यांना त्रास होतो त्यांनी उलटीची गोळी अलिबागला बसमध्ये चढतानाच घ्यावी. बोटीत बसल्यावर घेतलेली गोळी गेटवे आल्यावर लागू पडते.