सिलिंडर बदलण्याआधी थ्रोट मोजा

.४५ कोल्ट या काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरमधून झाडलेल्या शिशाच्या गोळ्या लक्ष्यावर विखुरू लागल्या, की अमेरिकेतले अनेक नेमबाज थेट सिलिंडर, म्हणजे काडतुसे बसणारे फिरते नळकांडे, बदलण्याची भाषा करतात. माझा आग्रह मात्र आधी मोजमापाचा आहे. दोष पुष्कळदा चेंबरच्या (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकाच्या) पुढच्या तोंडाशी, म्हणजे थ्रोटमध्ये असतो. थ्रोट नळीपेक्षा अरुंद असेल, तर गोळी तेथेच दाबली जाऊन बारीक होते, नळीतल्या खाचांत घट्ट बसत नाही आणि मागचा तप्त वायू तिच्या कडेने निसटून नळीत शिसे साचते.

शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून सिलिंडर काढावे आणि चेंबरना क्रमांक द्यावेत. मऊ शिशाचा किंचित जाड तुकडा तेल लावून थ्रोटमधून हलक्या हाताने ठोकत पार करावा आणि त्याचा व्यास मायक्रोमीटरने मोजावा. प्रश्न इंचाच्या हजाराव्या भागाचा असल्याने येथे कॅलिपरवर विसंबू नये. नळीचे मापही असेच घ्यावे, मात्र खाचा पाच असतील तर खाचेसमोर खाच येत नाही आणि साधा मायक्रोमीटर फसवतो. नळी .४५१ इंचाची असेल, तर सहाही थ्रोट .४५२ च्या आसपास आणि एकसारखे हवेत. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कोल्ट कंपनीच्या नळ्या .४५४ च्या आसपास असत, म्हणून छापील आकड्यापेक्षा हातातल्या शस्त्राचे माप खरे मानावे.

थ्रोट अरुंद निघाले, तर गनस्मिथकडून (शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून) योग्य मापाच्या रीमरने, म्हणजे भोक नेमके रुंद करणाऱ्या हत्याराने, ते सारखे करून घ्यावेत. रुंद निघाले, तर गेलेला धातू परत येत नाही. मग जाड गोळी वापरून पाहावी किंवा सिलिंडर बदलावे. तेच मॉडेल असले तरी नवे सिलिंडर आपोआप जुळत नाही: नळीशी राहणारी फट, फिरून अडकण्याची नेमकी जागा आणि प्रत्येक चेंबरची नळीशी सरळ रेषा गनस्मिथनेच तपासावी. मोठ्या काडतुसासाठी चेंबर कोरणे सर्वस्वी टाळावे, कारण भिंत पातळ होऊन सिलिंडर फुटू शकते. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्ती आणि फेरबदल परवानाधारकाकडूनच करून घ्यावे लागतात.

काम झाल्यावर त्याच काडतुसांनी, शस्त्र टेकवून, प्रत्येक चेंबरसाठी वेगळ्या कागदावर नेम धरावा, म्हणजे एखादे चेंबर अजून भरकटत असेल तर ते क्रमांकानिशी कळते.