बंब पेटवताय? आधी लाकूड बघा

ठाण्यात घर उबदार ठेवायला लाकूड जाळायची वेळ कुणावर येत नाही, पण येऊरच्या बाजूला किंवा जुन्या गावठाणात आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब अजून दिसतो. आमच्याकडेही आहे. त्याचा धूर झाला की सगळे बंबाला नावं ठेवतात. दोष बहुतेक वेळा ओल्या लाकडाचा असतो.

नुकत्या तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजनही पाण्याचं असू शकतं. जाळाची बरीचशी उष्णता ती ओल उडवण्यातच जाते, आणि अर्धवट जळालेला धूर बंबाच्या मधल्या नळीत काजळी होऊन बसतो. म्हणून ढलप्या दिवाळीनंतर फोडा, विटांवर रचा, वरून झाका, पण बाजू उघड्या ठेवा. चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळली की आत बुरशी येते. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा: टणटण वाजल्या तर वाळल्या, बद्द आवाज आला तर थांबा. पावसाळ्यात सरळ करवंट्या वापरा, झकास पेटतात.

फर्निचरचं प्लायवुड किंवा रंगवलेल्या फळ्या मात्र नकोत, त्यांचा धूर विषारी. येऊरच्या जंगलातून लाकूड आणू नका; ते राष्ट्रीय उद्यान आहे.

आधी पाणी, मग जाळ. कोरडा बंब तापला तर डाख, म्हणजे सांधे जोडणारा धातू, सुटतो. बंब कायम बाहेर, पडवीत. उरलेले निखारे थंडीत शेकायला बंद खोलीत नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. नळी महिन्यातून एकदा झाडा, राख कुंड्यांना चिमूटभरच.