तुडतुडे बघायचे तर बुंध्याशी वाका

बांधावर उभं राहून भातावरच्या तुडतुड्यांचा अंदाज बांधणं मला अजिबात पटत नाही. वरची पानं हिरवीगार असतात आणि किडे खाली, पाण्याच्या जरा वर, चुडाच्या (एका जागी लावलेल्या रोपांच्या झुपक्याच्या) बुंध्याला चिकटून रस शोषत असतात. बांधावरून दिसतात ते करपलेले गोल चट्टे, आणि तोवर तेवढं पीक हातचं गेलेलं असतं.

म्हणून लावणीनंतर महिनाभराने दर आठवड्याला आत उतरा. जिथे पीक दाट आणि काळपट हिरवं, तिथे आधी जा. चूड वाकवा, बुंध्यावर थापट्या मारा आणि पाण्यावर पडलेले किडे मोजा. तपकिरी, ३-४ मिलिमीटरचे. भिंगातून मागच्या तंगडीच्या नडगीला टोकाशी हलणारा जाड काटा दिसतो. पानांवरच्या हिरव्या तुडतुड्याला तो नसतो. आखूड पंखांच्या माद्या दिसल्या तर सावध व्हा. त्या उडून जात नाहीत, तिथेच पानाच्या आवरणात अंडी घालत राहतात.

चुडामागे सरासरी दहाच्या आत किडे असतील आणि कोळी, हिरवे मिरीड ढेकूण फिरताना दिसत असतील, तर पंप बाहेर काढू नका, हे मी कळकळीने सांगते. हा चिमुकला ढेकूण आवरणातल्या अंड्यांत सोंड खुपसून ती रिकामी करतो. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक मारलं की आधी असे मित्रकीटक मरतात, आत लपलेली अंडी वाचतात आणि तुडतुडे पहिल्यापेक्षा जास्त होतात. याच अनुभवातून इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली होती.

संख्या वाढू लागली की पहिलं काम पाणी काढण्याचं. तीन-चार दिवस, जमीन ओली राहील इतपत. युरियाचा हप्ता थांबवा; नत्राने लुसलुशीत झालेलं पीक त्यांना फार मानवतं. पुढच्या लावणीत दर २-३ मीटरवर फूटभर पट्टा मोकळा सोडा, बुंध्याशी वारा-ऊन पोचतं.

तरीही दहाच्या वर गेले, तर लेबलवर भातावरील तुडतुड्यांचं नाव असलेलंच औषध घ्या आणि नोझल बुंध्याकडे धरा. काही दिवसांनी पुन्हा चूड थापटून मोजा. आकडा उतरला नसेल तर तेच औषध परत मारू नका, वेगळ्या गटातलं निवडा.