एकाच कॉम्प्युटरवर ४०३ येत होता, असं सुटलं

घरातल्या एकाच पीसीवर एक साईट उघडली की ४०३, ॲक्सेस डिनाइड (म्हणजे साईट आत येऊ देत नाही), आणि त्याच वायफायवर मोबाईलवर मात्र मस्त चालू, म्हणजे राउटरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) ब्लॉक नाही हे तर नक्की झालं. कुकीज उडवल्या, दुसरा ब्राउझर टाकला, तरी तेच. मग दोन्हीकडे आयपी चेक केला आणि तिथेच सापडलं बघा, पीसीचा आयपी वेगळाच दिसत होता!! विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात प्रॉक्सी (नेट मधल्या दुसऱ्या सर्व्हरमधून फिरवणारी सेटिंग), तिथे मॅन्युअल प्रॉक्सी ऑन. क्रोम, एज दोघंही हीच सेटिंग वापरतात म्हणून ब्राउझर बदलून काही उपयोग नव्हता. ऑफ केली, साईट लगेच उघडली. पण रीस्टार्टनंतर परत ऑन, कारण पीसीवरचं फुकटचं व्हीपीएन (आयपी लपवणारं ॲप) ती ऑन करत होतं, म्हणून ते आधी अनइन्स्टॉल करा, मगच ऑफ टिकते.