घारापुरीला जाताय? आधी वार बघा

सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात. वाचायला साधी गोष्ट, पण मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावरून तासभर बोटीत बसून बेटावर पोचल्यावर कळली की पार हिरमोड होतो. आम्ही एकदा हे करून बसलो आहोत!

सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एखादी पकडा. धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी गाडी आहे, पण भरतीच्या वेळी दोन्ही बाजूंचं पाणी बघत चालत जाण्यात जास्त मजा. पुढे शंभरावर पायऱ्या. गुडघे कुरकुरत असतील तर डोलीवाले मिळतात, दर मात्र बसण्याआधीच ठरवा. ग्रामपंचायतीचा प्रवासी कर वेगळा आणि लेण्यांचं तिकीट वेगळं, म्हणून सुटे पैसे जवळ ठेवा.

शीतपेयाची बाटली हातात मिरवू नका, माकडं थेट हातातून ओढतात आणि झाकणही सफाईने उघडतात. पिशवीत घाला, चेन लावा.

जेवणाचा डबा घरून नेण्याऐवजी तिथेच खा. शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर या तिन्ही गावांतल्या बऱ्याच घरांची चूल पर्यटकांवरच पेटते. समुद्राखालून केबल टाकून बेटावर कायमची वीज आली तीही 2018 साली. पायऱ्यांवर टोपली घेऊन बसलेल्या मावशींकडून तिखटमीठ लावलेली कैरी घ्या, दोन रुपयांसाठी घासाघीस नको.

बेटावर पर्यटकांना मुक्काम करता येत नाही. उतरताच धक्क्यावर शेवटच्या बोटीची वेळ विचारा आणि परतीचं तिकीट सांभाळा.