विमानात लायटर नेताय? या चुका टाळा

आमच्या विटा-खानापूरकडची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा करणारी मंडळी देशभर पसरलेली. पूर्वी गावच्या जत्रेला रेल्वेनं, ट्रॅव्हल्सनं यायची, आता कोल्हापूर किंवा पुण्याला विमानानं उतरतात. सामान बांधायची पद्धत मात्र एसटीचीच राहिली. हळद, बेदाणे, ओटीतलं खोबरं आणि कुठल्यातरी पँटच्या खिशात विसरलेला लायटर.

सगळ्यात महागात पडतं ते लायटर चेक-इन बॅगेत टाकणं. "हातातली बॅग तपासतात, मोठी कोण उघडतंय?" असा हिशेब असतो. पण मोठी बॅगही एक्स-रेमधून जाते. लायटर दिसला की नाव पुकारतात आणि तुमच्यासमोर बॅग उघडायला लावतात. माझ्या मावसभावाचं नाव पुकारलं तेव्हा पठ्ठ्या आत कानात इअरफोन घालून चहा पीत बसला होता. तो गेला, बॅग मागं राहिली. म्हणून बॅग दिल्यावर निदान थोडा वेळ तरी कान उघडे ठेवा.

एवढी कटकट कशाला? लायटरमधला ब्युटेन हा दाबून द्रवरूप केलेला वायू. झडप दबली, गॅस गळला आणि ठिणगी पडली, तर खालच्या सामानाच्या कप्प्यात विझवायला माणूस नसतो.

दुसरी चूक शिकल्यासवरलेल्यांची: बाहेरच्या देशाचा नियम वाचून येणं. आंतरराष्ट्रीय नियमांत एक छोटा लायटर खिशात चालतो. अमेरिकेत साधा लायटर हातातल्या बॅगेतही नेता येतो. तिथं २००५ मध्ये त्यावर बंदी आली होती, ती ऑगस्ट २००७ मध्ये उठली. आपल्याकडं मात्र लायटर आणि काडेपेटी खिशात, केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये, कुठंच चालत नाही. चीनमध्येही तसंच. त्यामुळं न्यूयॉर्कहून खिशात बिनघोर आलेला लायटर मुंबईत पुढच्या विमानाच्या तपासणीत जातो, आणि पोरगा "तिकडं चाललं की!" म्हणून हुज्जत घालत बसतो.

झिप्पो म्हणजे वातीचा, धातूचा लायटर. त्यातलं इंधन काढलं तरी आतला कापूस आणि वात भिजलेलीच असते. रिकामा आहे म्हणून वाद घालू नका. आजोबांची आठवण वगैरे असेल, तर सोडायला आलेल्या माणसाच्या हातात दारातच द्या. तपासणीत काढून घेतलेला लायटर परत मिळेल ही आशा सोडा. ई-सिगारेटचा तर विषयच नको, २०१९ च्या कायद्यानं भारतात तिच्या आयातीवर आणि विक्रीवर बंदी आहे.

देवाच्या सामानातली काडेपेटीही आठवणीनं काढा. आणि हो, तेलकट असल्यामुळं लवकर पेटतं म्हणून सुक्या खोबऱ्यालाही चेक-इन बॅगेत मनाई आहे. आता ओटीतली वाटी घरीच ठेवा, हे सासूबाईंना कोण सांगणार ते तुमचं तुम्ही बघा.