अंगठ्याला कुलूप लावताना

आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर एईपीएसमधून, म्हणजे आधारवर चालणाऱ्या बँक व्यवहारांच्या सोयीतून, पैसे निघतात. कार्ड नको, ओटीपी नको. गावातल्या किराणा दुकानात आजी अंगठा लावून पेन्शन काढते ती हीच सोय. खरेदीखताच्या प्रतीवरून ठसा उचलून सिलिकॉनचा अंगठा बनवणारे भामटेही हीच वापरतात.

त्यावरचा उपाय फुकट आहे. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या मायआधार पोर्टलवर ओटीपीने लॉगिन करा आणि 'लॉक/अनलॉक बायोमेट्रिक्स' निवडा. बोटं, डोळे, चेहरा तिन्ही बंद होतात. ओटीपीवर चालणारी कामं मात्र सुरूच राहतात, त्यामुळे डिजिलॉकर किंवा आयकराचं ई-व्हेरिफिकेशन अडत नाही.

अडतं ते रेशन, निवृत्तांचा हयातीचा दाखला, आधारवरून घेतलेलं नवं सिम. रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर अंगठा ठेवला की 330 हा एरर येतो. दुकानदार 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' म्हणेल. उद्याही तेच होणार, कारण कुलूप तुमचंच आहे. तात्पुरतं अनलॉक 10 मिनिटंच टिकतं. म्हणून ते घरून करून निघू नका, रांगेत पुढे दोनच माणसं उरली की करा. ओटीपी उशिरा येतो, रेंज नसते, हेही धरून चाला.

दर महिन्याला ही कसरत नको असेल तर घरात वाटणी करा. रेशन कार्डावरच्या कोणाही एकाचा अंगठा चालतो. ज्याच्या आधार जोडलेल्या खात्यात फारशी शिल्लक नसते त्याचा उघडा ठेवा, बाकीच्यांचे बंद. याहून सरळ वाट म्हणजे खात्यावरचं एईपीएसच बंद करता येतं का, हे आपल्या बँकेत विचारणं. मग रेशनचा अंगठा चालतो, पैशाचा नाही. आजीचा व्यवहारच अंगठ्यावर असेल, तर तिला यातलं काही लावू नका. खात्यात गरजेपुरतेच पैसे ठेवा आणि एसएमएस अलर्ट घरातल्या कोणाच्या तरी नजरेखाली राहू द्या.

कुलपाची किल्ली म्हणजे आधारला जोडलेला मोबाईल नंबर. तो बंद पडलेला असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन बदला, मगच लॉक करा. उलट क्रमाने केलंत तर हेलपाटे ठरलेले.

झेरॉक्सचं काय? लॉजवर किंवा सोसायटीत ओळखीपुरतं 'मास्क्ड आधार' द्या. त्यात शेवटचे 4 अंकच दिसतात. पोर्टलवरून उतरवलेल्या आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली 4 इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. नाव तीनच अक्षरांचं असेल तर तीनच, आद्याक्षरानंतर टिंब असेल तर तेही मोजायचं; बहुतेकांची फाईल इथेच अडते. हा पासवर्ड ओळखीचा कोणीही सांगू शकेल, तेव्हा त्याच्या भरवशावर पूर्ण क्रमांकाची फाईल पाठवू नका. झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअॅपवर दिलेली फाईल तुम्ही नंतर 'सर्वांसाठी डिलीट' केलीत, तरी त्याच्या कॉम्प्युटरवर डाउनलोड झालेली प्रत तशीच राहते. प्रिंट हातात आली की डाउनलोड्समधून आणि रिसायकल बिनमधून ती समोरच काढायला लावा.

अधूनमधून पोर्टलवरची 'ऑथेंटिकेशन हिस्ट्री', म्हणजे आधार कधी-कधी वापरलं गेलं त्याची यादी, बघा; मागच्या 6 महिन्यांच्या नोंदी दिसतात. तुम्ही घरी असताना बोटाची नोंद पडली असेल तर अंगठा तिथल्या तिथे लॉक करा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.